मराठवाड्याच्या माळावरून रात्रीचं आकाश टिपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, लातूर, जालना, परभणीकडे कॅमेरा हातात घेतलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आपल्या भागाच्या हिशेबाने आहेत. दुसऱ्या अक्षांशावरच्या माणसाने सांगितलेल्या वेळा इथे जशाच्या तशा चालत नाहीत.

आकाशगंगेच्या फोटोसाठी राजस्थान किंवा लडाखला जावंच लागतं का?

नाही. उलट एका बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत. आकाशगंगेचं केंद्र, म्हणजे तिच्या पट्ट्याचा सर्वांत दाट आणि फोटोत सर्वांत उठून दिसणारा भाग, धनू राशीत, खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशात ताणलं तर होणाऱ्या रेषेच्या) सुमारे २९ अंश दक्षिणेला आहे. त्यामुळे माणूस जितका उत्तरेला, तितकं केंद्र त्याला क्षितिजाजवळ दिसणार. लडाखमधल्या हानलेहून ते जास्तीत जास्त २८ अंश वर येतं, जैसलमेरहून ३४ अंश, आणि जालना-परभणीहून ४१-४२ अंश. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंशांची भरते. म्हणजे आपल्याकडे केंद्र क्षितिजापासून चार मुठी वर चढतं आणि खालच्या धुरळ्यातून बरंचसं बाहेर पडतं.

हानलेची वेधशाळा सुमारे ४५०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ, कोरड्या हवेची सर बालाघाटाला येणार नाही, हे मान्य. २०२२ च्या डिसेंबरात तो परिसर ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ (अंधारं आकाश जपायचं क्षेत्र) म्हणून जाहीर झाला, तो उगाच नाही. आपल्या राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातल्या पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला. पण पहिला चांगला फोटो मिळवायला यातलं काहीच लागत नाही. पाटोदा-आष्टीकडचा एखादा माळ आणि योग्य तिथी पुरते.

पण मराठवाडा वाळवंट थोडाच आहे?

नाही. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला कोरडा प्रदेश आहे. वाळवंटातून फोटोवाल्याला जे हवं असतं ते म्हणजे मोकळं क्षितिज, कमी वस्ती आणि कोरडी हवा. बीड-धाराशिवच्या पठारावर हे वर्षातले बरेच महिने मिळतं.

कोणत्या महिन्यांत जावं?

मार्च ते जूनचा पहिला आठवडा, आणि मग ऑक्टोबर. मधले पावसाळी महिने ढगांचे.

मार्चच्या मध्याला केंद्र रात्री दीडच्या सुमारास आग्नेयेला उगवतं आणि पहाटे चारला फोटोजोगं वर आलेलं असतं. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. म्हणून एप्रिलच्या मध्याला ते साडेअकराच्या आसपास उगवतं, मेच्या मध्याला साडेनऊला. मे महिन्यात अर्धी रात्र जागलं तरी काम भागतं, म्हणून बहुतेक लोक मे निवडतात. माझं मत विचाराल तर एप्रिलची पहाट जास्त चांगली. मेमध्ये धुरळा जास्त, आणि दुपारनंतर वळवाचे ढग कधी जमतील याचा नेम नाही. मात्र वळवाचा पाऊस पडून रात्री आकाश उघडलं तर घरी बसू नका. हवेतली धूळ खाली बसलेली असते आणि तशी रात्र उन्हाळ्यात क्वचितच मिळते.

ऑक्टोबरचं गणित वेगळं. परतीचा पाऊस सरला की हवा धुतलेली असते. पण केंद्र तेव्हा संध्याकाळीच नैऋत्येला झुकलेलं असतं. महिन्याच्या मध्याला सव्वासात-साडेसातला पुरता अंधार होतो आणि दहाच्या आत केंद्र मावळतं. हातात दीड-दोन तास. जेवण करून निघू म्हणाल तर हुकलं.

अमावस्येलाच जायचं का? सुट्टी तर रविवारची असते.

अमावस्येचा हट्ट धरू नका. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघा आणि चंद्र *तुमच्या वेळेला* आकाशात आहे का, एवढंच तपासा.

शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. एवढं ध्यानात असलं की बाकीचं आपोआप सुटतं. मार्च-एप्रिलमध्ये काम पहाटेचं आहे. त्यामुळे वद्य द्वादशी-त्रयोदशीपासून थेट शुद्ध अष्टमीपर्यंतच्या रात्री चालतात. संध्याकाळी डोक्यावर चंद्र बघून लोक बेत रद्द करतात, पण पहाटे तीनला तो आकाशात नसतोच. ऑक्टोबरात याच्या उलट. काम संध्याकाळचं, म्हणून वद्य षष्ठीपासून अमावस्येपर्यंतचे दिवस धरा, पुढे फार तर शुद्ध द्वितीया-तृतीया. संकष्टीचा चंद्रोदय वर्तमानपत्रात छापून येतोच. त्यापुढे रोज सरासरी पाऊण-एक तास उशीर धरला की अंदाज बांधता येतो.

अशा हिशेबाने महिन्यात दहा-बारा रात्री हाताशी येतात. त्यात एखादा शनिवार सापडतोच.

जागा कशी निवडावी? म्हैसमाळ चालेल का?

म्हैसमाळ उंचावर आहे, रस्ता आहे, आणि आकाशही शहरापेक्षा कितीतरी काळं आहे. पण छत्रपती संभाजीनगर तिथून आग्नेयेला येतं आणि आकाशगंगेचं केंद्रही नेमकं त्याच बाजूने वर चढतं. म्हणजे ज्या दिशेला लेन्स लावायची तिथेच शहराचा उजेड. उत्तरेकडे तोंड करून ताऱ्यांच्या रेषा काढायला म्हैसमाळ छान आहे.

नियम साधा: मोठं गाव तुमच्या उत्तरेला राहील अशी जागा शोधा, कारण कॅमेरा दक्षिणेकडे बघणार आहे. नुसतं शहरापासूनचं अंतर मोजून भागत नाही. साखर कारखान्याचे दिवे विसरू नका. गळीत हंगाम ऐन असला तर एकटा कारखाना एका बाजूचं क्षितिज खाऊन टाकतो. मार्चनंतर बहुतेक धुराडी थंड होतात, हा आपला फायदा.

पाटोदा-आष्टीचा बालाघाट, भूम-वाशीकडची पठारं, सोयगावच्या बाजूचे अजिंठ्याचे डोंगर आणि पूर्वेला किनवट-माहूरचा पट्टा, हे पट्टे नकाशावर आधी चाळून बघा. पवनचक्क्यांच्या लाल दिव्यांनी वैतागू नका. त्यांना चौकटीत घेतलं तर फोटो कुठला आहे ते तरी कळतं.

अजिंठा, वेरूळ, देवगिरी किल्ला इथे रात्री काढता येतील?

आत नाही. संरक्षित स्मारकं संध्याकाळी बंद होतात, नळदुर्ग-परंड्यासारख्या किल्ल्यांनाही तेच लागू. अभयारण्यात रात्री वन विभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नका. धरणाच्या भिंतीवर ट्रायपॉड लावायचा तर वाद ओढवून घ्याल. बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरून किल्ल्याची किंवा देवळाची आकृती मिळत असेल तर तेवढ्यावर समाधान माना.

रात्री शिवारात थांबणं सुरक्षित आहे का?

सगळ्यांत आधी हाच प्रश्न विचारायला हवा, आणि लोक तो शेवटी विचारतात.

पहिली गोष्ट म्हणजे माणसं. चोर आल्याच्या, ड्रोन फिरल्याच्या बातम्या गावोगाव उठत असतात आणि तरुण पोरं गस्त घालतात. रात्री दोन वाजता माळावर तीन पायांचं काहीतरी उभं करून लाल बॅटरी घेऊन बसलेला अनोळखी माणूस त्यांना काय वाटेल, विचार करा. दिवसाउजेडी जा. ज्याचं रान आहे त्याला विचारा, पोलिस पाटलांच्या कानावर घाला, नंबर देऊन ठेवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक जुना फोटो दाखवला की काम सोपं होतं. “आमच्या इथून दिसतंय व्हय हे?” असं विचारून लोक स्वतःच चांगली जागा दाखवतात. शेतीची लाइट रात्रपाळीची असेल तर आसपास कुणी ना कुणी पाणी द्यायला जागं असतंच. त्याला आधी माहीत असलेलं बरं.

दुसरी गोष्ट, विहिरी. कठडा नसलेल्या, गवतात बुडालेल्या जुन्या विहिरी मराठवाड्यात जागोजाग आहेत. अंधारात डोळा कॅमेऱ्याला लावून मागे सरकू नका. पन्नास पावलांच्या परिघात काय काय आहे ते उजेडात फिरून बघून ठेवा.

तिसरी, शेततळी. ताऱ्यांचं प्रतिबिंब सुंदर मिळतं म्हणून सगळे तिकडे धावतात. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याचा उतार ओला झाला की पाय टिकत नाही आणि पोहता येणाराही बाहेर निघू शकत नाही. कुंपणाच्या आत जायचं नाही. प्रतिबिंब हवंच असेल तर पाऊस उघडल्यावर खडकातल्या डबक्यापाशी ट्रायपॉड अगदी खाली लावा. वीतभर पाण्यातही आकाश मावतं.

घोणस, फुरसं, मण्यार रात्रीच बाहेर पडतात. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घाला, चालताना पांढरा टॉर्च लावा, लाल उजेड फक्त कॅमेऱ्यापाशी. दगड उचलून ट्रायपॉडला टेकण लावायची सवय असेल तर आधी पायाने दगड उलटा, खालचा विंचू दिसेल. आणि एकटे जाऊ नका.

कॅमेरा कोणता घ्यावा?

मॅन्युअल मोड असलेला, जो आता घरात आहे तो. पैसे खर्च करायचेच तर क्रम असा: पक्का ट्रायपॉड, मग उजळ आणि रुंद लेन्स, सगळ्यांत शेवटी नवा कॅमेरा. १४ मिलिमीटर, एफ २.८ ची (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स उजळ) हाताने फोकस करायची लेन्स सेकंडहँड मिळाली तर बिनधास्त घ्या. ताऱ्यांना ऑटोफोकस तसाही फारसा लागत नाही.

मोबाइलवर जमतं का?

जमतं, मोबाइल हलला नाही तर. प्रो मोड, मुख्य लेन्स, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, शटर (उघडं राहायची वेळ) २० सेकंदांच्या आसपास, आणि तीन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. अल्ट्रावाइड लेन्सचा मोह टाळा, ती बहुतेक फोनमध्ये जास्त अंधारी असते. काही फोनमध्ये आकाशासाठी वेगळा मोड असतो. पिक्सेलमध्ये २०१९ पासून तो आहे आणि चार मिनिटांपर्यंतचं एक्स्पोजर (उजेड टिपायचा वेळ) तुकड्यातुकड्यांत घेऊन जोडतो.

सेटिंग सांगा, बाकी नंतर वाचतो.

रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ फाइल). लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं: एफ २.८ असेल तर ते, किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) असेल तर १८ मिलिमीटरवर एफ ३.५. आयएसओ ३२००. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ४००० केल्विनच्या आसपास. शटर १५ सेकंद. हा पहिला फोटो. तो बघून पुढचं ठरवा.

शटरसाठी ‘५०० चा नियम’ सगळीकडे सापडेल: ५०० ला फोकल लेंग्थने (लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरने) भागा, येतील तेवढे सेकंद. लहान सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या चकतीच्या) कॅमेऱ्यात फोकल लेंग्थला आधी दीडने गुणा. १८ चे २७ होतात आणि उत्तर येतं १८ सेकंद. फिल्मच्या काळात हे ठीक होतं. आजच्या सेन्सरवर फोटो मोठा करून पाहिला तर १८ सेकंदांत तारे लांबुळके दिसतात. मी ५०० ऐवजी तीनशे-साडेतीनशेला भागायला सांगेन. केंद्र दक्षिणेला असल्याने थोडी सूट मिळते, पण नेमके पूर्वेला उगवून पश्चिमेला मावळणारे, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळचे तारे सगळ्यांत भरभर सरकतात.

फोकस जमत नाही. तारे फुगीर येतात.

लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर थेट दिसणारं चित्र) लावा, तेजस्वी तारा मधोमध घ्या, दहापट मोठा करा आणि रिंग हळूहळू फिरवा. तारा सर्वांत बारीक ठिपका झाला की थांबा. वसंतात स्वाती किंवा अभिजित, हिवाळ्यात व्याध. गुरू आकाशात असेल तर तोही चालतो. मग रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून टाका. लेन्सवरच्या ‘अनंत’ खुणेवर विश्वास ठेवू नका. दिवसभर तापलेली लेन्स रात्री थंड झाली की फोकस थोडा सरकतो, म्हणून तासाभराने पुन्हा तपासा.

आकाश छान येतं, पण जमीन कोळशासारखी काळी. राजस्थानच्या फोटोंत वाळू कशी चमकते?

कारण वाळू फिकी असते आणि नुसता ताऱ्यांचा उजेडही परतवते. कच्छच्या पांढऱ्या रणात तर मीठच. आपल्याकडे खाली बेसाल्ट, वर काळी माती. दोन्ही उजेड गिळतात. परदेशी व्हिडिओतल्या सेटिंग इथे फसतात त्या याच जागी.

यावर चार उपाय आहेत, आणि ते मी मला आवडणाऱ्या क्रमाने सांगतो.

एक, जागाच फिकी निवडा. जानेवारीनंतर माळावरचं कुसळीचं गवत वाळून पिवळट-पांढरं होतं. तेच आपली वाळू. नांगरलेल्या काळ्या रानापेक्षा गवताळ माळ दुपटीने उजळ भासतो. पायवाट, कच्चा पांढरा रस्ता, नदीचं कोरडं पात्र यांचाही उपयोग होतो. पण गवत म्हणजे वणव्याची भीती, तिथे बिडी-सिगारेट नको.

दोन, ट्रायपॉड न हलवता जमिनीसाठी वेगळं एक्स्पोजर घ्या: आयएसओ १६००, तीन-चार मिनिटं. नंतर संगणकावर दोन्ही जोडा.

तीन, पातळ चंद्र. शुद्ध तृतीया-चतुर्थीचा चंद्र पश्चिमेला असताना जमिनीचे फोटो उरका, तो मावळला की आकाशाचे. बाभळीची सावली पडते, दगडाला धार येते. मे महिन्यात हे फार जमून येतं, कारण चंद्र मावळतो आणि केंद्र उगवतं.

चार, दिवा. करायचंच तर कमी ताकदीचा एलईडी दिवा बाजूने, झाकून, पांढऱ्या कापडावर पाडून. समोरून टॉर्च मारला की देऊळ लग्नमंडपासारखं दिसतं.

फोटोत दिसतात तसे रंग डोळ्यांना का दिसत नाहीत?

अंधारात डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. आकाशगंगा डोळ्यांना करडी, धुरकट पट्टी दिसते. तीही मोबाइल खिशात ठेवून वीस-तीस मिनिटं अंधाराला डोळे सरावल्यावर.

केंद्र शोधायचं कसं? ॲप चालत नाही, रेंज नसते.

विंचू शोधा. लालसर ज्येष्ठा त्याच्या छातीत आणि मूळ नक्षत्र नांगीत. नांगीच्या डाव्या बाजूला, धनूच्या दिशेला जो दाट ढगासारखा पट्टा दिसतो तो केंद्राचा भाग. बरेच म्हातारे शेतकरी विंचू बोटाने दाखवतात, ॲपपेक्षा लवकर.

ताऱ्यांच्या गोल रेषा काढायच्या आहेत. ध्रुव कुठे असतो?

उत्तरेला, तुमच्या अक्षांशाएवढा वर. उदगीरहून १८ अंश, छत्रपती संभाजीनगरहून जवळपास २०. म्हणजे दोनच मुठी. उत्तरेकडचे लोक ध्रुवाखाली उंच झाड किंवा मनोरा घेतात. आपल्याकडे तो इतका खाली आहे की वेस, कमान, कळस सहज त्याच्या रेषेत बसतो. जुन्या लोकांची बाज आणि तीन चोर, म्हणजे सप्तर्षी, वर आले की बाजेच्या पुढच्या दोन खुरांची रेषा धरून ध्रुवापर्यंत जाता येतं.

एकच लांबलचक एक्स्पोजर नको. तीस-तीस सेकंदांचे फोटो, मध्ये एका सेकंदाची विश्रांती, असे तासभर. तासात तारे १५ अंश फिरतात. नंतर संगणकावर ‘स्टारस्टॅक्स’ या प्रोग्रॅममध्ये जोडा, फुकट आहे.

मेमध्ये फोटोत लाल-निळे ठिपके फार येतात.

सेन्सर तापतो. रात्री दहालाही माळावरचा दगड गरम असतो. कॅमेरा दिवसभर गाडीत ठेवू नका, दोन फोटोंमध्ये थोडा वेळ सोडा, लाइव्ह व्ह्यू कामापुरताच. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर आठ-दहा फोटो घ्या, ते ‘डार्क फ्रेम’ म्हणून वजा करता येतात. आणि एकाच चौकटीचे सोळा फोटो घेऊन ‘सिक्वेटर’ या प्रोग्रॅममध्ये जोडलेत तर नॉइज (फोटोतला दाणेदार खरखरीतपणा) चौथ्या हिश्श्यावर येतो. अवकाशात फिरणाऱ्या उपग्रहांच्या रेषाही या जोडणीत बऱ्याच पुसल्या जातात.

हिवाळ्यात काही काढण्यासारखं असतं का?

भरपूर. मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध हे सगळं ऐन थंडीत डोक्यावर असतं. दक्षिणेला अगस्ती दिसतो, दोन मुठींच्या आतच. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. दोनच्या सुमारास मिथुन डोक्यावर येते, तेव्हा रुंद लेन्स लावून कॅमेरा फोटो घेत राहू द्या. जायकवाडीसारख्या पाण्याजवळ दव पडतं आणि लेन्स आंधळी होते, म्हणून जरा उंच माळ बरा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्यास्तानंतर तासा-दीड तासाने पश्चिमेला उजेडाचा तिरका शंकू दिसला तर तो गावाचा उजेड समजून तोंड फिरवू नका. सूर्यमालेतल्या धुळीवर पडलेला सूर्यप्रकाश आहे तो, राशिचक्रीय प्रकाश.

औंढ्याजवळ लायगो होतोय, तिथून काही खास दिसेल?

नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिलेला हा प्रकल्प दुर्बिणीचा नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत लेसर सोडून गुरुत्वीय लहरी टिपायची सोय आहे.

तरीही थरच्या वाळवंटात जायचंय.

जरूर जा, पण डिसेंबर-जानेवारीत नको. पर्यटनाचा हंगाम तोच आणि तेव्हा केंद्र सूर्याच्या बाजूला असतं, दिसतच नाही. मार्चची पहाट धरा. लेन्स वाळूत बदलू नका. ट्रायपॉडचे पाय आधी दाबून रोवा. आणि टेकडीवर चढण्याआधी चौकट ठरवा, नाहीतर फोटोत तुमच्याच पावलांचे खड्डे दिसतील.

दिवाळीची अमावस्या आणि वेळ अमावस्या, यांतली कोणती बरी?

दिवाळीला अंधार असतो, पण गावाजवळ फटाक्यांचा धूर आणि घरोघरी माळा. त्याआधीचे चार-पाच दिवस साधा, वसुबारसेच्या आधीचे. वेळ अमावस्या मार्गशीर्षातली. तेव्हा आकाशगंगेचं केंद्र नसतं, पण लातूर-धाराशिवकडे सगळं घर रानातच असतं. ओळखीच्या शेतावर जेवायला बोलावलंच असेल, तर रात्री थांबायची परवानगी तिथेच मागून टाका. ट्रायपॉड गाडीत असू द्या, ज्वारीच्या ताटांवर मृग उगवताना आठच्या आत मिळून जातो.